एका वर्षी एकच घाव

"झाड फ्लॅटात न्यायचंय," बाई म्हणाल्या.

मी तेव्हा मोसंबीला डोळे भरत बसलो होतो. हातात कलमाचा चाकू, दातांत प्लॅस्टिकची पट्टी. पट्टी काढल्याशिवाय बोलता येईना, म्हणून नुसती मान हलवली. बाईंनी तो होकार धरला आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढची सहा वर्षं मी ज्या कामात गुंतलो, त्याचा मुहूर्त असा दातांत पट्टी असताना लागला.

२०१९ ची संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. देगलूरच्या बाहेर नांदेडच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. मोसंबी, लिंबू, सीताफळ, डाळिंबाच्या गुट्या, पावसाळ्यात सागवान आणि शेवगा, सणासुदीला झेंडू-शेवंती. माणसं माझ्याकडून लहान रोप नेतात आणि मोठं झाड करतात. मोठं झाड आणून ते लहान कर म्हणणारं गिऱ्हाईक तीस वर्षांत हे पहिलंच. आणि गिऱ्हाईक तरी कोण, तर सातवीत मला शेकडेवारी आणि व्याज शिकवलेल्या बाई. त्यांना "बघू" म्हणून टोलवता येत नाही. त्या लगेच "कधी?" विचारतात.

सर, म्हणजे बाईंचे यजमान, दिवाळीआधी गेले होते. मुलगा पुण्यात, मुलगी नांदेडला. गल्लीतलं माळवदाचं घर विकलं होतं. घेणाऱ्याला ते पाडून गाळे काढायचे होते आणि ताबा होळीला द्यायचा होता. बाई मुलीजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होत्या. भांडीकुंडी वाटून झाली होती, पुस्तकं शाळेला देऊन झाली होती. राहिलं होतं परसातलं डाळिंब.

"तिथं माती कुठून आणू? ते जपानी लोक करतात तसं कर," बाई म्हणाल्या. "ताटात."

'बोन' म्हणजे उथळ भांडं आणि 'साय' म्हणजे लावणी, हे मी नंतर वाचलं. बाईंनी न वाचताच बरोबर अर्थ लावला होता.

दुसऱ्या दिवशी परसात गेलो. आडाच्या पलीकडे, न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं ते उभं होतं. डाळिंब हे खरं तर झाड नव्हे, झुडूप. जमिनीतूनच चार-पाच खोडं निघतात. आपण बागेत ती छाटून तीन-चारांवर आणतो. इथं सत्तर वर्षं कुणी काही छाटलं नव्हतं. पाच खोडं होती. त्यांतली दोन पोकळ, वाळवीने खाल्लेली. तीन जिवंत. शेंडा माझ्या डोक्यावर पाच-सहा फूट, काटक्यांचा आणि काट्यांचा नुसता पसारा. फळं लिंबाएवढी, आंबट आणि टणक बियांची. माझ्याकडून भगवा किंवा गणेश जातीचं रोप नेणाऱ्या शेतकऱ्याने याला सरपणात घातलं असतं.

पण मी खाली बसलो, बुंध्याजवळचा पालापाचोळा हाताने बाजूला केला आणि तसाच बसून राहिलो. जुन्या डाळिंबाचं खोड सरळ वाढत नाही, पीळ घेत वाढतं. ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळावं, तसे तिन्ही खोडांना पीळ पडले होते आणि जमिनीलगत तिन्ही एका जाड गड्ड्यात मिळाली होती. जपानमध्ये डाळिंबाच्या बोन्सायची सगळी किंमत या पिळात असते. तो कुंडीत आणता येत नाही. त्याला वयच लागतं.

हे झाड बाईंच्या सासूबाईंनी लावलेलं. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या साली त्या सून म्हणून इथं आल्या. माहेर बोधनकडचं, म्हणून त्या शेवटपर्यंत याला 'दानिम्मा' म्हणायच्या. सर डाळिंब म्हणायचे, शेजारचे चाचा अनार, आणि उदगीरच्या पलीकडून आलेली भांडेवाली दाळिंबे. आमच्या गावात एका झाडाला चार नावं असण्याचं कुणाला नवल वाटत नाही. तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही हाकेच्या अंतरावर.

"किल्लारीच्या भूकंपाला आम्ही इथंच बसलो होतो," बाई म्हणाल्या. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला घर हललं. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचा भार, अशी घरं तिकडे माणसांच्या अंगावर बसली, हे सकाळी रेडिओवर कळलं. बाई लेकरं घेऊन उजाडेपर्यंत या डाळिंबाला टेकून बसल्या होत्या. "हे काही अंगावर पडण्यासारखं नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या.

बोन्साय मी पाहिलं होतं, केलं नव्हतं. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात मोठं प्रदर्शन भरलं होतं. तीन हजारांवर बोन्साय एका जागी मांडून तिथं गिनेसचा विक्रम झाला. मी कामानिमित्त पुण्यात होतो, तिथंही डोकावलो. तिथल्याच एका पुस्तकातून दोन गोष्टी समजल्या. एक, उत्तम बोन्साय पुष्कळदा बीपासून होत नाही. डोंगरकड्यावर वारा-बर्फ सोसून खुरटलेलं जुनं झाड उकरून आणतात, त्याला यामादोरी म्हणतात. दुसरी गोष्ट ओमिया गावाची. १९२३ च्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले काही बोन्सायवाले बाहेर पडले आणि १९२५ ला ओमियात जाऊन वसले. ते आजही बोन्सायचं गाव आहे. घर गेल्यावर झाड घेऊन निघालेल्या माणसांची गोष्ट म्हणून ती माझ्या लक्षात राहिली होती. बाईंच्या परसात ती पुन्हा आठवली.

पुस्तकात लिहिलं होतं, वसंताच्या तोंडावर, डोळे फुगायच्या आधी झाड काढा. तो वसंत जपानचा. तिकडे त्यानंतर हळूहळू ऊब येते. आमच्याकडे होळी झाली की थेट तवा तापतो. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. पावसाळ्याच्या तोंडावर काढावं तर ताबा होळीचा. मग मी बागवानाचा हिशोब लावला. आंबे बहार धरतात तो जानेवारी-फेब्रुवारीत. डाळिंबाचं पाणी तोडतात, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत चाळीस-पंचेचाळीस दिवस. पानं पिवळी पडून गळतात, झाड झोपल्यासारखं होतं. मग हलकी छाटणी, खत, पाणी. आणि फूट आणि कळी एकदमच येते. याला आम्ही ताण देणं म्हणतो. म्हणजे डाळिंब झोपवायचं कसं आणि उठवायचं कसं हे मला येत होतं. फक्त झोपेत त्याचे हातपाय तोडायचे होते, तेवढं नवीन होतं.

न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवलं. बारा दिवसांत पानं गळायला लागली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझ्याकडचे म्हातारे मामा पहार-टिकाव घेऊन गेलो.

आधी वरचा भाग. करवतीने फांद्या उतरवल्या. दोन पोकळ खोडं मुळाशी कापली. तीन जिवंत खोडं दीड-दोन फुटांवर आणली. बारा फुटांचं झाड दहा मिनिटांत गुडघ्याएवढं झालं. मामा म्हणाले, "मालक, झाड वाचवू लालाव का मारू लालाव?" मला उत्तर सुचेना. बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

उतरवलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढे जाड, वीतभर तुकडे करून मी वीस छाट कलमं पिशव्यांत लावली. मूळ झाड गेलंच तर वंश तरी राहावा. हा धंद्याचा स्वभाव. एक पिशवी कधी लावायची नाही.

मग चर खोदला, सगळ्या बाजूंनी दोन फूट अंतर सोडून. आमच्या तालुक्यात दख्खनचा काळा दगड संपत येतो आणि तेलंगणाचा तांबूस ग्रॅनाइट डोकं काढू लागतो. परसात वरची दीड फूट काळी माती, खाली ग्रॅनाइटचा रेवट मुरूम. वर पहार चिकटत होती, खाली खणखणत होती. संध्याकाळी गड्डा मोकळा झाला. न्हाणीच्या बाजूला मनगटाएवढं एक मूळ भिंतीखाली शिरलेलं होतं. ते शक्य तेवढं लांब ठेवून कापलं. बाकी बारीक मुळांचा जुडगा बराच मिळाला. सगळं ओल्या गोणपाटात बांधून हातगाड्यावर घातलं. वाटेत एकाने विचारलं, "काय आहे?" मामा म्हणाले, "पेशंट."

कापांना बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, हे बागेतलं नेहमीचं प्रमाण. जुन्या फळ्यांचा फूटभर खोल खोका केला, तळाला भोकं. माती मात्र घातली नाही. काळी माती कुंडीत पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होते. परसातलाच ग्रॅनाइटचा मुरूम चाळून बारीक धूळ टाकून दिली, ज्वारीच्या दाण्याएवढा रवा ठेवला, त्यात विटांचा चुरा, कोळसा आणि मूठभर जुनं कुजलेलं शेणखत. बोन्सायवाले जी माती परदेशातून विकत आणतात, तिचं काम पाणी धरणं आणि हवा सोडणं एवढंच असतं. आमचा मुरूम ते करतो. गड्डा खोक्याला तारेने घट्ट बांधला. नवीन पांढरी मुळी कापसाच्या तंतूएवढी नाजूक असते. वाऱ्याने खोड हललं की ती तुटते, आणि ती तुटली की सगळं तुटलं.

आणि मग काहीच नाही. फेब्रुवारी गेला. रोज सकाळी खोडावर पाणी शिंपडायचं, गोणपाट ओला करायचा, आणि आठवड्यातून एकदा नखाने साल किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं की झाकून ठेवायचं. बाई नांदेडला गेल्या होत्या. दर रविवारी फोन. "हिरवं आहे?" "हिरवं आहे." एवढंच बोलणं.

होळीच्या आदल्या दिवशी डाव्या खोडाच्या सालीतून मोहरीएवढा लाल ठिपका वर आला. दोन दिवसांत सगळीकडे. साठ-सत्तर वर्षांच्या, एकही डोळा न दिसणाऱ्या जुन्या लाकडातून लाल कोंब फुटले. डाळिंबाचा हा गुण मला पाठ होता, तरी मी मामांना हाक मारून दाखवलं. मामा म्हणाले, "दिसलं की. ओरडू लालाव कशाला?"

इथपर्यंत सगळं बरोबर झालं. बिघडवलं ते मी.

बाईंनी एका रविवारी सहज विचारलं, "दसऱ्याला नेता येईल का रे?" मी "येईल" म्हणालो. शाळेत त्यांनी विचारलं की असंच उत्तर यायचं, गणित सुटलेलं असो वा नसो. खरं म्हणजे मलाही घाई झाली होती. फांद्या हातभर झाल्या होत्या, हिरव्यागार. मला वाटलं, एवढी ताकद आहे तर झेपेल. जूनमध्ये मृग लागल्यावर मी खोक्यातून झाड काढलं, ते भिंतीखाली गेलेलं जाड मूळ उथळ भांड्यात मावेना म्हणून बुडापासून कापलं, एका पसरट प्लॅस्टिकच्या घमेल्यात बसवलं आणि त्याच दिवशी फांद्यांना तार गुंडाळून वाकवल्या. एका सकाळी तीन कामं. संध्याकाळी फोटो काढून बाईंना पाठवला. फोटोत ते खरोखरच बोन्सायसारखं दिसत होतं.

पावसाच्या भरवशावर हे केलं आणि त्या वर्षी पाऊस लांबला. मृग कोरडा गेला. दुपारी अंगाला चटके बसत. चार बोटं मुरमात पाणी किती टिकणार? दिवसातून तीनदा घालत होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डाव्या खोडावरची पानं कडेने कुरकुरीत झाली. मला आधी उन्हाचं वाटलं. नख लावलं तर हिरव्याच्या जागी तपकिरी. तीन खोडांतलं सगळ्यात देखणं, सगळ्यात जास्त पीळ असलेलं खोड गेलं होतं.

का गेलं ते मला नंतर उलगडलं. जुन्या झाडात एकेका मुळाची शीर एकेका फांदीकडे जाते. सरळ खोडात पूर्वेचं मूळ पूर्वेची फांदी पोसतं. पिळाच्या खोडात शीरही पीळ घेत जाते. न्हाणीकडचं ते जाड मूळ उजवीकडे होतं, म्हणून ते उजव्या खोडाचं असेल असं मी धरलं. ते पिळाबरोबर फिरून डाव्या खोडाला जात होतं. ज्या पिळावर मी भाळलो होतो, तोच मी वाचला नव्हता. आणि वाचायला चुकलो तरी एवढ्याने ते मेलं नसतं. नुसतं मूळ तोडलं असतं तर सावरलं असतं. नुसती तार असती तरी सावरलं असतं. आम्ही बागेत ताण देतो तेव्हा एवढंच पाळतो की एका वेळी एकच ताण द्यायचा. हे मला येत होतं. समोर बोन्साय आहे म्हणून मी ते विसरलो.

बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हणजे पहिलीतून एकदम चौथीत घातलंस," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"नापास होणारच. आता खाली आण."

तार काढली. झाड परत खोल खोक्यात गेलं, कडुनिंबाच्या सावलीत. वर्षभर हात लावायचा नाही, असं ठरवलं. मला स्वतःचा भरवसा नव्हता, पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. तार मिळत नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं, मलाही बाहेर पडायचं नव्हतं. पाणी घालायचं आणि बघत बसायचं. त्या वर्षात उरलेल्या दोन खोडांनी जी जाडी धरली, ती मी कितीही खटपट केली असती तरी धरली नसती.

पुढचं मग सावकाश झालं, दर वर्षी एक काम. २०२१ ला मेलेल्या खोडाचं काय करायचं ते ठरलं. मला ते कापून टाकायचं होतं. आपली चूक रोज कोण बघणार? पण डाळिंबाचं लाकूड चिवट असतं, लवकर कुजत नाही. जपानी लोक असं मेलेलं लाकूड मुद्दाम राखतात. फांदी असेल तर जिन, खोडावरचा सोललेला पट्टा असेल तर शारी. सुताराकडून पटाशी आणली, साल सोलली, ब्रशने घासलं. आत लाकडाचे तंतूही पिळातच होते. वरून चुना-गंधकाचं द्रावण लावलं. मोसंबीच्या बागेत जुने लोक किडी-बुरशीला हेच फवारायचे. बोन्सायवाले ते लाकूड टिकायला आणि पांढरं पडायला लावतात. दोन्हीकडे वास तोच, सडक्या अंड्याचा. ऊन लागलं आणि खोड हाडासारखं पांढरं झालं. त्याला चिकटून जिवंत खोड तपकिरी, वर हिरवं. आज येणारा प्रत्येक जण आधी त्या पांढऱ्या खोडाकडेच बघतो.

२०२२ ला तार. बाजारात अॅल्युमिनियमची मिळते, पण मी मोटार वाइंडिंगच्या दुकानातून जुनी तांब्याची आणली आणि चुलीत लाल करून घेतली. तापवलेलं तांबं मऊ पडतं आणि वाकवल्यावर कडक होतं. फांदीला पंचेचाळीस अंशांत गुंडाळायची. तीन महिन्यांनी तोडून काढायची, उलट सोडवत बसायचं नाही, नाहीतर डोळे खरचटतात. विसरलो तर ती सालीत रुतते.

२०२३ ला ताट. जपानी तबक आमच्याकडे कोण देणार? बाईंच्या भांड्यांपैकी एक काथवट माझ्याकडे पडून होती, बुड चिरलेली. त्यात प्लॅस्टिक अंथरून, कोंबडीजाळी घालून सिमेंटचं तबक ओतलं. तळाला चार भोकं. सिमेंटचा खार जावा म्हणून महिनाभर पाण्यात बुडवून ठेवलं, दर दोन दिवसांनी पाणी बदललं. त्यात झाड बसलं. या वेळी फांद्यांना हात लावला नाही.

या काळात मला एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला, हा झाडाचा छळ नाही का? एका शेतकऱ्याने तर तोंडावर सांगितलं, "हे पाप आहे. लेकराला उपाशी ठेवून बुटकं करायलास." मी त्याला म्हणालो, बहार धरताना तू झाडाची पानं गाळतोस, तेव्हा काय करतोस? तो हसला, पण माझंच समाधान झालं नाही. बोन्साय उपाशी नसतं, हे खरं. त्याला पेंड लागते, पाणी बागेतल्या झाडापेक्षा जास्त वेळा लागतं. शेंडा खुडत राहिलं की पान आणि फांदी लहान होते. फूल आणि फळ मात्र लहान होत नाही. दीड फुटाच्या झाडावर फळ येतं ते आपल्या मूळ मापाचं. म्हणून मी कळ्या काढतो आणि एकच फळ ठेवतो. फार ठेवली तर फांदी मोडेल.

पण खरा मुद्दा पाण्याचा आहे. २०१६ चा उन्हाळा आम्ही पाहिला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते साल. मराठवाड्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मी रोपवाटिकेतली विक्रीची रोपं सोडून दिली आणि टँकरचं पाणी फक्त मातृवृक्षांना घातलं. तोही ताणच होता, पण तो संपवणं माझ्या हातात नव्हतं. बागेतला ताण आपण देतो आणि आपणच मोडतो. जमिनीतलं झाड दुष्काळातही मूळ खाली पाठवून शोध घेतं. बाईंचं डाळिंब भिंतीखालून न्हाणीपर्यंत गेलं होतंच. ताटातल्या झाडाला ती वाट आपण बंद केलेली असते. त्याचा पाऊस म्हणजे आपण. मेमध्ये एक दिवस विसरलो तर त्याच्यापुरतं २०१६ साल. एवढं पत्करायची तयारी असेल त्यानेच हे करावं, एवढंच मी त्या शेतकऱ्याला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "म्हशीसारखंच की." हो, म्हशीसारखंच. गावाला जायचं तर आधी कुणाला तरी सांगून जायचं.

गावात आता जुनी घरं भराभर पडताहेत. प्रत्येक परसात काहीतरी असतंच. मी ओळखीच्या गवंड्यांना सांगून ठेवलंय, जेसीबी यायच्या आधी मला फोन करा. तीन बोगनवेली, दोन मेंद्या, एक कामिनी अशी माझ्याकडे आली. बोगनवेल उचलायला सोपी, जवळजवळ बिनमुळाचं ओंडकंही फुटतं, पण लाकूड मऊ. काप उघडा राहिला की आतून सडते. कामिनी टणक, पण फार हळू. एक पारिजातक मला वाचवता आला नाही. जंगलातलं मात्र मी आणत नाही आणि कुणी आणलं तर घेत नाही. जेसीबीच्या तोंडातलं उचलायला जन्म पुरणार नाही, डोंगर कशाला उकरायचा?

२०२४ च्या पावसाळ्यात डाळिंब नांदेडला गेलं. बाईंनी तबक हाताने चाचपलं आणि म्हणाल्या, "ही सासूबाईंची काथवट." शेजारणीने सांगितलं, बोन्साय घरात ठेवू नये, वाढ खुंटते. बाई म्हणाल्या, "घरात कुठंय? गॅलरीत आहे." गॅलरी पूर्वेची, पण मेमध्ये भिंतच भट्टी होते. म्हणून ठरलं की झाड संक्रांतीला देगलूरला येणार, माझ्याकडे निंबाखाली राहणार आणि पाऊस लागला की परत. मामा त्याला माहेरपण म्हणतात. वीस छाट कलमांतली अकरा जगली होती. त्यांतलं एक पुण्यात मुलाकडे आहे, एक माझ्या दारात. जमिनीत आहे, आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय.

२०२५ च्या जानेवारीत झाडाबरोबर बाईही आल्या. चष्मा लावून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उत्तरपत्रिका तपासावी तसं सगळं तपासलं. मग पिशवीतून शंभर पानी वही काढली. पहिल्या रविवारपासून त्या नोंद ठेवत होत्या हे मला माहीत होतं, वही कधी पाहिली नव्हती. दर वर्षाला एक ओळ. २०२०, काही नाही. २०२१, साल सोलली. २०२२, तार. २०२३, ताट. २०२४, नांदेड. फक्त २०१९ ची ओळ लांब होती. 'उपटलं. मूळ तोडलं. उथळ जागी घातलं.' खाली लाल शाईची रेघ.

माझी चूक म्हणून मी मान खाली घातली. मग ती ओळ पुन्हा वाचली. इतकी वर्षं मला त्या सालात डाळिंबच दिसलं होतं.

"यंदा काय कापायचं?" बाईंनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

"काही नाही बाई. यंदा फक्त माती बदलू."

"फक्त माती," बाई म्हणाल्या, आणि लिहून घेतलं.